पडवीपाशी मोजलेलं घर

दुकानातल्या मुलाने फोन माझ्या तळहातावर ठेवला आणि हात मागे घेतला. बस्स, एवढंच केलं त्याने. कॅमेऱ्याबद्दल बोलला नाही, बॅटरीचं तर नावही काढलं नाही. पेढेवाला चव बघायला तुकडा देतो आणि गप्प उभा राहतो, तसा तो उभा राहिला. मी फोन डोळ्यांच्या रेषेत आडवा धरला आणि कडेकडून पाहिला. आणि गेलो कामातून.

माझी नोकरी काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी रबाळ्याला एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर नाहीतर मायक्रोमीटर, म्हणजे बारीकसारीक जाडी मोजायची अवजारं. शाफ्ट दोन शतांश मिलिमीटरने जाड निघाला की त्याला नापास म्हणून लाल टॅग लावायचा आणि मग प्रॉडक्शनवाल्यांच्या शिव्या खायच्या. अशा माणसाच्या हातात सहा मिलिमीटरच्या आतला फोन देणं म्हणजे सोनारापुढे बावनकशी ठेवण्यासारखं. किमतीकडे लक्षच जात नाही.

‘बॅटरी किती याची?’ हिने विचारलं.

‘अगं, जाडी बघ, जाडी!’

‘जाडी मी रोजच बघते,’ माझ्या पोटाकडे नजर टाकत ही म्हणाली.

दुकानातला मुलगा हसला नाही. तेवढ्यासाठी मी फोन घेतला, असं आज वाटतं. अठरा महिन्यांचे हप्ते ठरले. घरी अप्पांनी ‘केवढ्याला?’ म्हणून विचारलं. खरा आकडा ऐकून त्यांचं प्रेशर वाढलं असतं, म्हणून ‘पन्नास हजार’ म्हणून टाकलं. खरी किंमत तुम्हालाही सांगत नाही. अप्पा हल्ली ऑनलाइन बरंच वाचतात.

फोन घरी येऊन अर्धा तास झाला नाही तोच ही म्हणाली, ‘कव्हर घातल्याशिवाय हात लावायचा नाही.’ स्टेशनबाहेरच्या टपरीवाल्याने फोन उलटासुलटा करून पाहिला. ‘काका, याला आपल्याकडे एकच बसतंय,’ म्हणत त्याने चारी कोपऱ्यांना गुबगुबीत गाद्या असलेलं एक काळं प्रकरण काढलं. पुढून काच, मागून कव्हर, कॅमेऱ्यांवर वेगळ्या चकत्या. सगळं चढवून झाल्यावर मी व्हर्निअर लावला (हो, घरी एक आहे). माझ्या जुन्या फोनपेक्षा हा आता जाड भरत होता. पातळ साडी नेसून वर गोधडी पांघरावी, तशी अवस्था.

पण व्हर्निअर हातात असला की माणूस थांबत नाही. कव्हर काढून पुन्हा मोजलं. मधोमध सहाच्या आत, जाहिरातीत दिलंय तस्सं. मग जबडे जरा वर सरकवून कॅमेऱ्यापाशी लावले, तर अकराच्या आसपास! दुप्पट! आमच्याकडे असा पार्ट आला असता तर ड्रॉइंगसकट परत पाठवला असता. फोनची जाडी जिथे सगळ्यांत कमी, तिथे मोजायची आणि तोच आकडा छापायचा, हे म्हणजे कोकणातल्या घराची उंची पडवीपाशी मोजण्यासारखं झालं. पडवीत शिरताना वाकावं लागतं म्हणून घर काही बुटकं नसतं, आढं मधे असतं.

त्या आढ्याचा आणखी एक ताप. फोन टेबलावर सपाट राहत नाही. एका कोपऱ्यात टाइप केलं की दुसरा कोपरा उठतो. रात्री मेसेज लिहायला बसलो की टक टक टक टक. ही आतून ओरडते, ‘सुपारी कातरताय का?’

आढं तिथे का असतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला कळायला हवं होतं. चांगल्या फोटोला मोठा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, लागतो. सेन्सर मोठा घेतला की भिंग त्याच्यापासून लांब न्यावं लागतं. प्रकाशाला उतरायला जागा हवी, आणि ती जागा जाडीतूनच निघते. लांबचं जवळ आणायचं तर आणखी लांब वाट लागते. म्हणून जाड फोनांतसुद्धा आत एक प्रिझम बसवून प्रकाशाला काटकोनात वळवतात आणि मग आडवं पळवतात. चाळीच्या गॅलरीत सायकल उभी मावत नाही म्हणून भिंतीला आडवी टांगतात, तीच युक्ती. बारीक फोनात तेवढीही गॅलरी नसते, म्हणून लांबचं दाखवणारं भिंगच गाळलेलं असतं. बॅटरीचं तर विचारूच नका. ती म्हणजे नुसतं घनफळ. डबा लहान केला की भाकरी कमी बसणार, यात शास्त्र ते काय?

बरं, हे खूळ आजचं नाही. २०१४ साली ओप्पोने ४.८५ मिलिमीटरचा फोन काढला आणि त्याच सुमारास विवोने ४.७५चा. म्हणजे मी ज्यावर भाळलो, त्याहून बारीक फोन त्याच्या अकरा वर्षं आधीच होऊन गेले होते. कुणाला आठवतात? त्याच वर्षी आयफोन सिक्स आला, ६.९ मिलिमीटरचा, आणि त्याचा मोठा भाऊ प्लस खिशात वाकतो म्हणून जगभर बोंब झाली. मग सगळे शहाणे झाले आणि फोन हळूहळू अंग धरायला लागले. २०२५मध्ये पुन्हा तीच हवा सुटली. मे महिन्यात सॅमसंगचा एज आला, ५.८ मिलिमीटर, बॅटरी ३९०० एमएएच (बॅटरीत वीज किती मावते त्याचं हे माप). सप्टेंबरमध्ये ॲपलचा एअर आला, ५.६ मिलिमीटर, मागे एकुलता एक कॅमेरा. गंमत म्हणजे ॲपलने त्याच दिवशी १७ प्रो दाखवला, तो आधीच्यापेक्षा जाड, ८.७५ मिलिमीटर. आणि लोक त्या नारिंगी रंगाच्या जाडजूड प्रोवरच तुटून पडले. वर्ष संपायच्या आत, बारीक फोनांना अपेक्षेएवढं गिऱ्हाईक नाही, अशा बातम्या छापून यायला लागल्या. मी तोवर तिसरा हप्ता भरत होतो.

माझा फोनही याच गोतावळ्यातला. नाव घेत नाही, हप्ते फिटले की उखाण्यात घेईन.

पहिला आठवडा बरा गेला, कारण मी फोन वापरतच नव्हतो, दाखवत होतो. कँटीनमध्ये सगळ्यांनी हातात घेऊन ‘वा!’ म्हटलं, कडेकडून पाहिलं, परत दिला. एकानेही फोटो काढून बघितला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी पाचला फोन मान टाकायला लागला. शॉप फ्लोअरवर पूर्वी लोक ‘जरा मळ की’ म्हणून तळहात पुढे करायचे, तसा मी ‘सी-टाइप आहे का?’ करत फिरायला लागलो. डिस्पॅचचा शिपाई मला लांबून येताना बघून चार्जर ड्रॉवरमध्ये टाकतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मग तो गुरुवार. डोंबिवली ते रबाळे माझा पास मोबाइलमध्ये. परतताना ठाण्याला गाडी बदलायला पुलावर चढलो, तर समोर टीसी. मी ऐटीत फोन काढला. काळाकुट्ट. बटण दाबलं, तर मोकळ्या बॅटरीचं लाल चित्र एकदा चमकलं आणि विझलं. समई विझताना वात शेवटची मोठी होते ना, तसं.

‘पास आहे हो आत,’ मी म्हणालो.

‘असेल की. मला दिसला पाहिजे ना,’ टीसी म्हणाले. माणूस सज्जन. फोन हातात घेऊन त्यांनी तोसुद्धा कडेकडून पाहिला. ‘बारीक आहे हो फारच. अडीचशे दंड आणि वर भाडं.’

‘जीपे करतो,’ मी सवयीने म्हणालो. माझ्या मागच्या माणसाला हसू आवरेना. पाकिटात ऐंशी रुपये आणि साईबाबा. बायकोला फोन करावा तर नंबर पाठ नाही, लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी. पाठ होता तो एकटा अप्पांचा, कारण तो कधी बदललाच नाही. शेवटी आमच्या गाडीच्या ग्रुपमधले एक जण मागून आले आणि त्यांनी रोख भरले. दुसऱ्या दिवशी सबंध डब्याला समोसे घालावे लागले. दंडापेक्षा ते महाग पडले.

त्या रात्री हिने कारभार हातात घेतला. पॉवर बँक आली, वीस हजार एमएएचची, विटेएवढी. पण ती मी ठेवणार कुठे? पँटच्या खिशात घातली तर पँट उतरते. मग ती हिच्या पर्समध्ये गेली. चार्जर आणि केबल मुलाच्या सॅकमध्ये. गणपतीत मखराचा फोटो धड येईना, तेव्हा फोटो मुलाने काढायचे असं ठरलं. पास माझ्याकडून काढून घेतला आणि छापील करून दिला. भाजीचे पैसे ही देणार. असं करता करता माझ्या फोनची सगळी कामं घरभर वाटली गेली. त्याच्याकडे उरलं एकच काम, बारीक राहायचं. जुन्या वाड्यात एखादे काका असायचे, पांढरंशुभ्र धोतर, तलम सदरा, कधी पाण्याचा तांब्या उचलणार नाहीत, आणि घरातल्या पाच जणी त्यांना बसल्या जागी सगळं आणून द्यायच्या. तसा हा काका माझ्या खिशात राहत होता.

अप्पांचा फोन अगदी याच्या विरुद्ध. तेरा हजारांचा, शर्टाच्या खिशात ठेवला की शर्ट एका बाजूला ओढला जातो. त्याला त्यांनी रबरबँड लावलाय, का ते कुणाला ठाऊक नाही. विचारलं तर ‘असू दे’ म्हणतात. बॅटरी सहा हजार. सोमवारी चार्ज करतात, मग बुधवारी.

मे महिन्यात चिपळूणला भाच्याची मुंज होती. मी मामा. बहिणीने सकाळीच सांगितलं, ‘दादा, तुझा फोन एवढा भारी, भिक्षावळीचे फोटो तूच काढ. फोटोग्राफर मांडवाबाहेर चहा पीत बसतो.’ मी होकार दिला. अहंकार, दुसरं काय.

भिक्षावळ सुरू झाली. ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणत बटू पुढे सरकतोय, समोर मावश्या, आत्या, काकवा डबे घेऊन रांगेत. मधे तीन रांगा बायकांच्या. मी खुर्चीवर उभा राहून झूम केलं. बटूचा चेहरा मोठा झाला खरा, पण ओल्या फडक्याने पाटीवरचा खडू पुसावा तसा. डोळे आहेत की नाही कळेना, लंगोटी मात्र ओळखू येत होती. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली, बॅटरी पाच टक्के. माझ्या खांद्यामागून एक हात पुढे आला, रबरबँडवाला फोन धरलेला. अप्पांनी शांतपणे चार फोटो काढले. त्यांचा कॅमेरा फार थोर आहे असं नाही, पण त्या वेळी तो चालू होता.

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. फोटो बघायला बहीण आली तेव्हा तिने अप्पांचा फोन हातात घेतला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तुझा दे ना जरा, बघू दे किती बारीक आहे.’ म्हणजे अजूनही! दंड, समोसे, लाल टॅग सगळं होऊनही मी तो तिच्या तळहातावर ठेवला, हात मागे घेतला आणि गप्प उभा राहिलो. तिने तो डोळ्यांच्या रेषेत आडवा धरला.

संध्याकाळी मुंबईच्या गाडीने निघालो. डब्यात मुंबईकरांची ही गर्दी. चार्जिंगच्या पॉइंटला आधीच तिघांचे फोन लोंबकळत होते. पॉवर बँक हिच्या पर्समध्ये आणि पर्स वरच्या फळीवर, फणसांच्या खाली. माझ्या फोनने खेडच्या आधीच डोळे मिटले. अप्पांनी काही न बोलता पिशवीतून एक आखूड केबल काढली, एक टोक आपल्या फोनला लावलं, दुसरं माझ्या. ही करामत त्यांना कुणी शिकवली देव जाणे. माझा फोन थरथरला आणि दूध प्यायला लागला. जाड फोन अप्पांच्या मांडीवर, बारीक माझ्या, मधे वीतभर वायर. त्यामुळे मला उठताही येईना आणि खिडकीकडे सरकताही येईना.

बोगदा आला, गेला. अप्पांनी दोन्ही फोन शेजारी धरून चष्म्यावरून पाहिले. मग विचारलं, ‘केवढ्याला म्हणालास हा?’

‘चाळीस हजार,’ मी म्हणालो.

अप्पा जरा वेळ बाहेर बघत राहिले.

‘परवा पन्नास म्हणाला होतास.’