संमती नव्हे, सक्ती

बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या गाडीची वेळ पाहायची असो वा निपाणी बाजारातला भाव, संकेतस्थळ उघडताच कुकीजची (संकेतस्थळे आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींची) पाटी अर्धा पडदा व्यापते, आणि तिच्यावर ‘सर्व स्वीकारा’ हे बटण ठळक, तर नकाराचा मार्ग फिकट अक्षरांत दोन पानांआड दडवलेला असतो. याला संमती म्हणायचे? लॉगिन टिकवण्यासाठी लागणाऱ्या कुकीज एकवेळ समजण्यासारख्या आहेत; परंतु त्याच पानावर जाहिरात कंपन्याही आपल्या कुकीज ठेवतात, आणि तीच कंपनी इतर असंख्य संकेतस्थळांवरही बसलेली असल्यामुळे आपण कुठे काय पाहिले याची साखळी तिच्याकडे आपोआप जुळते. शहापुरी साडी एकदा पाहिली की पुढे कितीतरी दिवस बातम्यांच्या मधोमध साड्याच दिसतात. (विजेरीच्या ॲपला माझी संपर्कयादी कशाला हवी असते, हे तर देवच जाणे.)

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला, तोही कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानुसार संमतीपूर्वीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीत आणि कन्नडमध्येही, वाचण्याचा पर्याय असायला हवा. सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून वर्षानुवर्षे भांडणाऱ्या या सीमाभागात, निदान आपली माहिती कोण नेतो आहे हे तरी आम्हाला इंग्रजीच्या कायदेशीर जंगलात न शिरता कधी कळणार?