चौरंगाला हात लावून बघा

बाकी सगळ्या जगात नंबर वाढला की रुबाब वाढतो. लाकूड घासायच्या पॉलिश पेपरमध्ये नंबर वाढला की कागद मवाळ होतो. ८० नंबरचा कागद भावकीच्या दाव्याला निघालेल्या काकासारखा, तर ४०० नंबरचा त्याच काकाने मुलीच्या सोयरिकीला बसावं तसा. कारण अगदी साधं. कागदावर चिकटवायचे दाणे चाळणीतून गाळतात, आणि चाळणीला इंचात भोकं जितकी जास्त, तितका दाणा बारीक.

आमच्याकडे आजोबांच्या वेळचा सागवानी चौरंग आहे. खानापूरच्या जंगलातलं लाकूड, असं घरातला प्रत्येक जण छातीठोक सांगतो. पुरावा कुणाकडेच नाही. गणपती तोंडावर आले की त्याचं काळं पडलेलं पॉलिश काढायचा विषय निघतो. यंदा तो माझ्या गळ्यात पडला, कारण मी घरून काम करतो, म्हणजे घरच्यांच्या मते काहीच करत नाही.

बेळगावच्या रविवार पेठेत दुकानदाराने विचारलं, "काय पायजे री?"

"पॉलिश पेपर. लाकडाला."

"नंबर?"

मी गप्प. मागून एकजण म्हणाला, "१२० घ्या." त्याच्या मागचा म्हणाला, "छे, १८० शिवाय हात लावू नका." तिसऱ्याला खिळे हवे होते, तरी त्याने ३२० सांगितला. दुकानदाराने एक काळा कागद पुढे केला. हा सिलिकॉन कार्बाइडचा. १८९१ च्या सुमारास अचेसन नावाचा अमेरिकन कृत्रिम हिरे करायला गेला आणि भट्टीतून हे निघालं. गार्नेटचाही कागद असतो, पण तो इथे नव्हता. गार्नेट म्हणजे आपल्या गोमेदाची भावकी. राहूची शांत आणि चौरंगाची घासाई एकाच खड्यात उरकली असती.

त्यात आकड्याआधी 'पी' असेल तर मोजणी युरोपची, नसेल तर अमेरिकेची. २२० पर्यंत दोघांचं बरं जमतं, पुढे वाटण्या होतात. अमेरिकेचा ४०० म्हणजे युरोपचा जवळपास ८००. दोन मोजण्यांच्या मधे राहायची सीमाभागातल्या माणसाला सवय असते, तरी मी सगळ्याच नंबरांचे दोन-दोन कागद घेऊन बाहेर पडलो.

घरी बोलावलेल्या सुतार मेस्त्रींनी त्या गठ्ठ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "फुटकी काच हाय काय घरात?" म्हणाले. माळ्यावर खिडकीचं तावदान होतं. त्याचा एक तुकडा पाडून ताज्या कडेने त्यांनी जुनं पॉलिश रेषेरेषेने ओढलं, तशी तपकिरी पूड खाली साचायला लागली. मग पिशवीतून जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा निघाला. त्याची कड कानशीने काटकोनात आणली आणि पटाशीच्या पाठीने दाबून दाबून घासली. "आता अंगठा लावून बघ." कडेला केसाएवढा, गळासारखा आकडा वळला होता. डोळ्याला दिसत नाही, बोटाला मात्र अडकतो. दोन्ही अंगठ्यांनी पातं जरा वाकवून पुढे ढकललं की भुगा पडत नाही, साल निघते. इतकी पातळ की उजेडाला धरली तर पलीकडची खिडकी दिसावी.

"नुसता भुगा पडाय लागला की समजायचं, धार गेली."

"आणि अंगठे भाजायला लागले तर?"

"मग काम चाललंय."

पात्याने इतकं गुळगुळीत झाल्यावर कागद हवाच कशाला, हे मी विचारलं. "फळीला नको. कोपऱ्यांना पायजे." तिथे मात्र १२०, १८०, २२० असंच चढायचं, मधली पायरी गाळली तर जाड दाण्याचे ओरखडे बारीक कागदाने जन्मात जात नाहीत. आडवं घासलं तर पॉलिशचा हात फिरताच ते उठून दिसतात. मग ओला फडका फिरवायचा, लाकडाचे तंतू उभे राहतात, ते वाळू द्यायचे आणि पुन्हा २२० चा हलका हात. फडका फिरवताना काकू आली. "अरे, लाकडाला पाणी कशाला लावुलालास?" तिला उत्तर द्यायला मेस्त्रीही धजले नाहीत.

खरा जाच पुढेच आहे. गुळगुळीत लाकूड दिसलं की आपल्या माणसाला राहवत नाही. गल्लीतला जो तो येऊन तळवा फिरवी, डोळे मिटी आणि म्हणे, "अजून जराऽ." ह्या 'जरा'चा नंबर कुठल्याच दुकानात मिळत नाही. एकाने तर कुंदा खाल्लेलाच हात फिरवला. तुपाचा डाग कोऱ्या सागवानात असा मुरला की मेस्त्रींनी पुन्हा पातं काढलं. वर आमचा पाऊस. चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढुरकं पडतं, म्हणून डबा उघडायचा, आभाळाकडे बघायचं आणि झाकण लावायचं, हाच उद्योग चालला होता.

अखेर उघडीप मिळाली, पॉलिश झालं. चतुर्थीला पहाटे काकूने चौरंग मांडला, त्यावर लाल वस्त्र अंथरलं, चारी बाजूंनी चापूनचोपून बसवलं. इंचभरही लाकूड दिसेना. खाली कातीव पाय तेवढे उघडे राहिले. मेस्त्री म्हणाले होते, त्या खाचांत कोण बघतंय.

काकू वाकली, एका पायावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे तसेच ठेवलास की रे!"