थकलेलं कर्ज आणि अमेरिकी क्लिअरन्स: चारपैकी चारही सल्ले चुकीचे

अमेरिकेत संरक्षण खात्याच्या कंत्राटदाराकडे नोकरी बघणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो, आणि नागरिकत्व घेतलेली आपली मराठी मंडळीही तो तसाच पुढे ढकलतात: ‘कर्ज असेल तर सिक्युरिटी क्लिअरन्स विसरा. थकलेलं असेल तर फॉर्मवर लिहू नका. सात वर्षं गप्प बसा, रेकॉर्ड आपोआप साफ होतं. आणि दिवाळखोरी चुकूनही नको.’ (क्लिअरन्स म्हणजे सरकारी गुपितं हाताळण्याची परवानगी.)

पहिलं घ्या. घराचं, गाडीचं, शिक्षणाचं कर्ज कुणाला नसतं? हप्ते वेळेवर जात असतील तर सहसा कुणी अडवत नाही. 2017 पासून लागू असलेल्या नियमांत आर्थिक बाबींसाठी ‘गाइडलाइन एफ’ आहे. तिच्यात अमुक डॉलरच्या वर थकलं की नकार, अशी रेषाच नाही. ऐपत असून दोन हजार बुडवणारा माणूस, नोकरी गेल्यामुळे चाळीस हजार थकलेल्यापेक्षा वाईट ठरू शकतो. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट ही कारणं नियमातच दिली आहेत. मात्र त्या काळात तुम्ही घेणेकऱ्यांशी बोललात की फोन उचलणंच बंद केलंत, हेही बघतात.

सरकारला भीती कसली, ते सीआयएच्या ऑल्ड्रिच एम्सवरून कळतं. पैशाच्या ओढाताणीत 1985 च्या एप्रिलमध्ये तो वॉशिंग्टनच्या सोव्हिएत वकिलातीत गेला आणि 50 हजार डॉलरला गुपितं विकायला लागला. पुढे 5 लाख 40 हजारांचं घर रोखीने घेतलं, तरी पकडला गेला 1994 मध्ये. म्हणूनच गाइडलाइन एफमध्ये उत्पन्नाशी न जुळणारी श्रीमंतीही संशयास्पद धरली आहे.

‘लिहू नका’ हा तर सरळ खड्ड्यात घालणारा सल्ला. क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-86 फॉर्मच्या 26 व्या भागात गेल्या सात वर्षांत 120 दिवसांहून जास्त थकलेलं देणं, वसुली एजन्सीकडे गेलेलं बिल, न भरलेला किंवा न दाखवलेला कर, सगळं विचारतात. तुमचा क्रेडिट रिपोर्ट (कर्ज आणि परतफेडीची नोंद) ते काढणारच. घर बदलल्यामुळे हॉस्पिटलचं बिल पोचलंच नाही, हे समजावता येतं. जाणूनबुजून ‘नाही’वर खूण केली असेल तर प्रश्न कर्जाचा राहत नाही, खोटेपणाचा होतो. त्यासाठी वेगळी गाइडलाइन आहे आणि पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा कायदाही. (पुण्यातला फ्लॅट मात्र इथे नाही, परदेशी मालमत्तेच्या भागात लिहायचा. तोही लपवू नका.)

सात वर्षांचं म्हणणं अर्ध्या माहितीवर उभं आहे. बहुतेक थकबाकी तेवढ्या काळाने रिपोर्टवरून उतरते, खरं. पण उतरली म्हणजे फिटली नव्हे, आणि संरक्षण खात्याच्या अपील मंडळाने हे वारंवार सांगितलं आहे. वसुलीची कायदेशीर मुदत संपली, तरी ‘हा माणूस शब्द पाळतो का’ हा प्रश्न उरतोच. कराचं रिटर्नच न भरणाऱ्यांकडे तर या मंडळाचे न्यायाधीश फार कडक नजरेने बघतात. पैसे नसले तरी रिटर्न वेळेत भरावं.

दिवाळखोरीने क्लिअरन्स आपोआप जात नाही. ‘चॅप्टर 13’ या दिवाळखोरीच्या प्रकारात तीन ते पाच वर्षं हप्ते भरायचे असतात, आणि ते नेमाने भरले तर तुमच्या बाजूनेच मोजलं जातं. प्रश्न पुन्हा तोच: वेळ का आली?

एका बाबतीत मात्र घाबरवणाऱ्यांचं बरोबर आहे. क्लिअरन्स हा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 च्या एगन खटल्यात स्पष्ट केलं; शंका उरली तर निकाल तुमच्या विरुद्ध जातो. कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याला नकाराआधी आरोपांची लेखी नोटीस येते, 20 दिवसांत शपथेवर उत्तर द्यायचं असतं, सुनावणी मागता येते. सगळं कर्ज फिटलेलं असायलाच हवं असं नाही. झेपेल अशी योजना आणि तिच्याप्रमाणे भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या चालतात. फक्त पहिली पावती नोटिशीनंतरच्या तारखेची असेल तर तिला फारसं वजन मिळत नाही.