साखरेच्या गावात आंबटाची वकिली

"सफरचंद धुतलेलं पाणी हाय ह्ये," असं म्हणत शेजारचे आबा पेला घेऊन थेट मोरीकडं निघाले. दोन दिवस झाले, माझ्या डोक्यातून ते वाक्य जात नाही.

पुतण्या इंग्लंडात हेरफोर्डशायरला असतो. सायडरसाठी, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या दारूसाठी, तो मुलूख नावाजलेला, आणि घरी पिण्यापुरता सायडर तिकडं घरात करता येतो. इथं परवान्याशिवाय केला तर गुन्हा. त्यामुळं या विषयातलं माझं ज्ञान सांगलीच्या द्राक्षासारखं, निर्यातीचंच. मी फोनवर सांगायचं, त्यानं तिकडं करायचं. परवा सुट्टीला येताना त्यानं एक बाटली आणली. वर चिठ्ठी : घनता (पाण्याची १ धरून) सुरुवातीला १.०४८, शेवटी १.०००. म्हणजे रस आंबवणाऱ्या यीस्टनं साखर चाटूनपुसून संपवलेली.

आबांची बाग तासगावकडं. लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या रसातली साखर मोजायचं ब्रिक्स मीटर. लग्नातलं सरबतसुद्धा आधी काचेवर जातं, मग तोंडात. त्यांनी मोरी अर्ध्यावर सोडली, दोन थेंब टाकले, खिडकीकडं तोंड करून एक डोळा मिटला.

"पाच! मास्तर, पाच साखर शिल्लक हाय की."

"आबा, आता त्यात अल्कोहोल आहे. हे मीटर प्रकाश किती वाकतो तेवढंच बघतं आणि अल्कोहोलही प्रकाश वाकवतं. ताज्या रसाला ते खरं. आंबलेल्याला तरंगता हायड्रोमीटर लागतो."

"म्हंजे मीटर खोटं बोलतंय?"

"खोटं नाही. त्याला साखरच ठाऊक, म्हणून ते साखरच सांगतंय."

"बरं, मग ह्ये गोड का लागंना?"

"साखर नाहीच म्हणून."

"मग टाका की! कारखान्याची सभासदाची आलीया, पोतं उघडंच हाय."

एका मिनिटात साखर होती, नव्हती आणि पोत्यानं आली. पुतण्या मान डोलावत होता. माझा पुतण्या!

आपल्या भागात आमटी बिघडली, पाहुणा रुसला, कशावरही साखरच. पण यीस्ट जिवंत असताना लिटरला ३० ग्रॅम साखर घालून बूच मारलं, तर यीस्ट तीही खाणार, वायू कोंडणार आणि बाटली फुटणार. फेसासाठी लिटरला सहाएक ग्रॅम पुरते, तीही दाब सोसणाऱ्या जाड बाटलीत. गोडच हवा असेल तर यीस्टला न पचणारं एरिथ्रिटॉल घाला. नाहीतर सायडर निवळल्यावर पोटॅशियम सॉर्बेट आणि मेटाबायसल्फाइट घालून यीस्ट थोपवायचं, मग साखर, पण त्या बाटलीत आपोआप फेस धरणार नाही.

मुळात रोग साखरेचा नाहीच. खायच्या सफरचंदांत आंबटपणा कमी आणि तुरटपणा नावालाच. साखर असते तोवर ते झाकलं जातं. ती गेली की उरतं ते आबा म्हणाले तेच, हे कबूल करताना जीव जातो. सायडरसाठीच लावतात त्या 'किंग्स्टन ब्लॅक' किंवा 'डॅबिनेट'सारख्या जाती नुसत्या खाल्ल्या तर जीभ आवळते. तो तुरटपणाच पेल्यात कामाला येतो.

म्हणून आंबट आधी. १० ग्रॅम मॅलिक आम्ल पाण्यात विरघळवून ते १०० मिली करायचं. चार पेल्यांत शंभर-शंभर मिली सायडर. एक कोरा, बाकीच्यांत अर्धा, एक आणि दोन मिली द्रावण. एक मिली म्हणजे लिटरला एक ग्रॅम. जो आवडेल त्याच हिशेबानं सगळं पिंप. लिंबू पिळू नका, सायडरला लिंबाचीच चव येते. मॅलिक हे सफरचंदाचं स्वतःचं आम्ल. मग तुरटपणा : पाच लिटरला कपभर कडक कोरा चहा, तोही आधी पेल्यात चाखून. नंतर महिना-दोन महिने थंड जागी ठेवून विसरायचं. विसरणंच लोकांना जमत नाही.

एवढं सांगितल्यावर आबा म्हणाले, "बेदाणं टाकून बघा." सोनेरी रंगासाठी गंधकाची धुरी दिलेले बेदाणे, आणि तेही यीस्टच्या तोंडी! मी गप्प बसलो.

काल पुतण्याची बॅग वजनाला जास्त भरली. वहिनींनी माझी मॅलिकची पाव किलोची पुडी बाहेर काढली, विमानतळावर पांढरी पूड कशाला दाखवायची म्हणून. आबांनी दिलेली दोन किलो साखर आत राहिली. ती काय काळी असते?