डॅकबद्दल तुमचं मत काय? (नसेल तर आजच करून घ्या)

डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-प्लेनोच्या पट्ट्यात नव्याने राहायला आलात ना? अभिनंदन. घर, मुलांची शाळा, जवळचं इंडियन स्टोअर हे सगळं यथावकाश होईल. मत मात्र आधी करून ठेवा. पहिल्याच पोटलकला मसालेभाताची प्लेट हातात घेऊन कोणीतरी जवळ येणार आणि विचारणार, "मग? डॅकचं काय वाटतं?"

डॅक म्हणजे डॅक प्रेस्कॉट. डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, जर्सी नंबर 4. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणात जवळजवळ दर वेळी चेंडू ज्याच्या हातात येतो आणि हरल्यावर खापर ज्याच्या डोक्यावर फुटतं तो. एवढी माहिती पुरे. फर्स्ट डाउन म्हणजे काय, ऑफेन्सिव्ह लाइन काय करते, असल्या अभ्यासाच्या नादी लागू नका. खेळ समजायला लागला की मत डळमळीत होतं.

आता बाजू निवडा. बाजू दोनच. एक, "डॅक चांगला आहे." दुसरी, "डॅक चांगला आहे, पण." नवख्याने दुसरी घ्यावी. या 'पण'पुढे काय बोलायचं ते मी सांगतो: प्लेऑफमध्ये, म्हणजे जानेवारीतल्या बाद फेरीत, 2 विजय, 5 पराभव. हे नुसतं म्हणायचं आणि गुलाबजाम उचलायचा. मैदानावर एका वेळी 11 जण असतात, बचावाची तुकडी वेगळी असते, ती खेळताना क्वार्टरबॅक बाकावर बसून पाणी पीत असतो, असं कोणी सांगू लागलं तर दयाळूपणे हसायचं.

समोरचा इतिहास काढेल. 2016 च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) हा पोरगा चौथ्या फेरीत, 135 वा घेतला. संघाला खरं तर पॅक्स्टन लिंच हवा होता, मग कॉनर कुक; दोघंही हातचे गेले म्हणून हा आला. तेव्हाचा क्वार्टरबॅक टोनी रोमो, त्याची पाठ हंगामाआधीच दुखावली, याला उभं केलं आणि पहिल्याच वर्षी 13 सामने जिंकले, 3 हरले. हे सगळं खरं आहे. म्हणूनच त्यावर बोलू नका. "रोमो असता तर..." एवढंच पुटपुटा. 2016 पर्यंत रोमोबद्दलही हेच 'पण' चालायचं, हे लक्षात असलेली माणसं पोटलकला फार नसतात.

एक सामना मात्र पाठ करून ठेवा, तो दोन्ही बाजूंना चालतो. 14 जानेवारी 2024, घरचं मैदान, समोर ग्रीन बे पॅकर्स. डॅकने 403 यार्ड फेकले, 3 टचडाउन केले. तुम्ही डॅकच्या बाजूचे असाल तर म्हणा, 48 पैकी 41 गुण बचावाने दिले, बिचाऱ्याने आणखी काय करायचं? विरुद्ध बाजूचे असाल तर म्हणा, पहिल्या अर्ध्यात 27-0 मागे पडेपर्यंत दोन इंटरसेप्शन दिली (म्हणजे फेकलेला चेंडू थेट समोरच्यांच्या हातात), त्यातल्या एकावर थेट टचडाउन झाला. बाकीचे यार्ड सामना संपल्यावरचे. दोन्ही म्हणणी खरी असल्यामुळे हा वाद रात्री साडेअकरापर्यंत आरामात जातो. मुलं गाडीत झोपतात.

आपल्याला हे अवघड जाणार नाही. सचिनने शतक मारलं की आपण हरतो, हे वाक्य ज्यांनी ऐकलं (किंवा म्हटलं) त्यांची पूर्वतयारी झालेली आहे. जानेवारी 1999, चेन्नई, पाकिस्तान, पाठदुखीतल्या 136 धावा आणि 12 धावांनी पराभव. त्यानंतरचे तीन फलंदाज काय करून आले हे तेव्हा कोणी विचारलं होतं? मग इथेच कशाला?

पगाराचा मुद्दा काढायला विसरू नका. वर्षाला सरासरी 6 कोटी डॉलर. आपल्या खिशातून जात नसले तरी आवाजात तशी कळ आणायची. मग 'कॅप' हा शब्द टाकायचा. 2024 साली प्रत्येक संघाला पगारासाठी 25 कोटी 54 लाखांची मर्यादा होती. हा आकडा नुसता उच्चारला तरी लोक तुम्हाला अकाउंटंट समजतात.

आणि राखीव क्वार्टरबॅकवर नेहमी प्रेम करा. तो खेळत नाही, त्यामुळे चुकतही नाही. 2022 मध्ये डॅकचा अंगठा मोडला तेव्हा कूपर रश पाचपैकी चार सामने जिंकला, आणि आमच्या ओळखीच्या निम्म्या लोकांनी डॅकला निरोपाचा नारळ मनातल्या मनात देऊन टाकला. ही परंपरा जुनी आहे. 1971 मध्ये टॉम लँड्रींसारख्या प्रशिक्षकालाही क्रेग मॉर्टन की रॉजर स्टॉबॅक हे ठरवता येईना, म्हणून शिकागोविरुद्ध त्यांनी दर चालीला आलटून पालटून एकेक पाठवला. हरले. मग स्टॉबॅक कायम झाला आणि संघ एकही सामना न हरता सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद, घेऊन आला. स्टॉबॅकनंतर डॅनी व्हाइटने लागोपाठ तीनदा सुपर बोलच्या दारापर्यंत नेलं, तर तोही 'पण'च ठरला.

एकच पथ्य. जेरी जोन्स यांचा विषय काढू नका. संघ 1989 पासून त्यांचा आहे आणि खेळाडू कोण घ्यायचे हेही मालक स्वतःच ठरवतात. शेवटचा सुपर बोल 1995 च्या हंगामातला. त्यानंतर क्वार्टरबॅक बदलले, प्रशिक्षक बदलले, स्टेडियमसुद्धा बदललं. काय बदललं नाही, हे कोणी मोजायला बसलं की वाद लगेच संपतो आणि लोक घरी जायला निघतात. यजमानांना ते बरं वाटत नाही.

माझंच बघा. 2024 साली 8 सप्टेंबरला, रविवारी, आमच्याकडे दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन होतं. उत्तरपूजेची तयारी चालू असतानाच बातमी आली: डॅकशी चार वर्षांचा नवा करार, 24 कोटी डॉलर. शेजारचे काका हातातली दुर्वांची जुडी तशीच धरून म्हणाले, "एवढे? जानेवारीत खेळत नाही तो." बादलीत विसर्जन झालं, प्रसाद झाला. दुपारी सामना लागला आणि काउबॉइजनी क्लीव्हलंडला 33-17 हरवलं. काका म्हणाले, "सप्टेंबर आहे हा."

नोव्हेंबरात अटलांटामध्ये डॅकच्या मांडीमागचा स्नायू गेला. शस्त्रक्रिया झाली, आठ सामन्यांतच हंगाम संपला. मी काकांना फोन करून कळवलं.

"बघ," ते म्हणाले, "तुला सांगितलं होतं ना, जानेवारीत खेळत नाही."