मंत्री ‘करतो’ म्हणाले, ते लिहून कोण ठेवतं?

नववीच्या मुलांना घेऊन गोवा विधानसभेचं पावसाळी अधिवेशन बघायला पर्वरीला गेले होते. शाळेची बस, सोबत डबे, प्रत्येकाच्या नावाचा पास. दारावर मोबाईल जमा केले, पिशव्या तपासून झाल्या आणि वर गॅलरीत जाऊन बसलो. मार्शलने लांबूनच हाताने खुणावलं, कठड्यावर रेलू नका. एरवी वर्गात एक मिनिट गप्प न बसणारी मुलं चिडीचूप झाली. खाली प्रश्नोत्तराचा तास चालला होता. एका आमदाराने आपल्या मतदारसंघातल्या गटाराचा विषय काढला, मंत्री उठले, ‘चवथीपूर्वी’, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी, ‘करून देतो’ म्हणाले, आमदार बसले, सभापतींनी पुढचा प्रश्न पुकारला. सगळं मिळून चार मिनिटं.

बसमध्ये चढताना एका मुलीने विचारलं, “टीचर, चवथीपूर्वी करतो म्हणाले, ते लिहून कोण ठेवतं?”

मी सांगितलं तिला. सभागृहात बोललेला शब्द न् शब्द लिहून घेतला जातो. मंत्री ‘करतो’, ‘बघतो’, ‘चौकशी लावतो’ म्हणाले की ते आश्वासन झालं, आणि ते पाळलं की नाही हे तपासायला आमदारांची वेगळी आश्वासन समिती असते. लोकसभेत तर दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करावं असा दंडक आहे. तिने सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, “मग चवथ झाली की समिती ते गटार बघायला जाते?”

अठरा वर्षं नागरिकशास्त्र शिकवतेय. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून आज सविस्तर लिहितेय, थोडं लांबेल.

आधी आकडेमोड. महाराष्ट्रातले माझे नातेवाईक 288 आमदारांच्या सभागृहाची सवय असलेले, त्यांना ही गंमत सांगितली की ते चकित होतात. (तुमच्याकडे विधानसभेचे अध्यक्ष, आमच्याकडे त्यांनाच सभापती म्हणतात.) गोव्याचे आमदार 40. मंत्री एकूण आमदारांच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, अशी घटनादुरुस्ती 2003 मध्ये झाली. त्या हिशेबाने आमच्याकडे सहाच मंत्री हवेत. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की छोट्या राज्यात ही मर्यादा बाराच्या खाली जाणार नाही. म्हणजे 40 पैकी 12 मंत्री. एक सभापती, एक उपसभापती. राहिले 26. सप्टेंबर 2022 मध्ये काँग्रेसच्या 11 पैकी 8 आमदार भाजपमध्ये गेले, तेव्हा विरोधी बाकांवर उरले सात. उरलेल्या एकोणीस जणांतले कितीतरी कुठल्या ना कुठल्या महामंडळाचे अध्यक्ष.

आता मुख्यतः या सव्वीस जणांतून समित्या भरायच्या. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, आश्वासन, याचिका, हक्कभंग, आणि वर एखाद्या विधेयकासाठी चिकित्सा समिती. तीच माणसं तीन-तीन समित्यांवर. जो आमदार सकाळी महामंडळाच्या खुर्चीत बसून फाइलवर सही करतो, त्याने दुपारी समितीच्या खुर्चीत बसून सरकारी कारभाराचा हिशेब विचारायचा. आणि विरोधातल्या सातांनी पाच बैठका, दोन लक्षवेधी आणि शून्य प्रहर एकाच दिवसात सांभाळायचे. दोष मी एकेकट्या आमदाराला देत नाही. सभागृहच एवढं लहान आहे की राखणदारही घरातलाच असतो. 25-30 हजार मतदारांचा मतदारसंघ, सगळे एकमेकांना ओळखतात, लग्नाकार्यात एकाच पंगतीला बसतात. अशा ठिकाणी ‘आपापसात बघून घेऊ’ हे फार सहज होतं, म्हणूनच लहान सभागृहाला नियम मोठ्यापेक्षा कडक हवेत, असं माझं ठाम मत आहे.

पक्षांतराचं उदाहरण घ्या. गोव्याइतकी त्याची झळ थोड्याच राज्यांना बसली असेल. आमदारकी न गमावता पक्ष दुसऱ्या पक्षात ‘विलीन’ करायला दोन तृतीयांश आमदार लागतात. मोठ्या राज्यात तो आकडा पन्नास-साठच्या घरात जातो. आमच्याकडे मार्च 2019 मध्ये मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) तीनपैकी दोन आमदारांनी मध्यरात्री उलटून गेल्यावर पत्र दिलं आणि विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन झाल्याचं जाहीर झालं. दोन माणसं! त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा भाजपमध्ये गेले, अगदी काट्यावर दोन तृतीयांश. त्यांना अपात्र ठरवा म्हणून याचिका झाली. ती ऐकणार कोण, तर सभापती. आणि सभापती निवडून आलेले कुठल्या पक्षातून, हे सर्वांना माहीत. निवाडा आला एप्रिल 2021 मध्ये, याचिका फेटाळली. विधानसभेची मुदत संपायला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं.

निवाडा बरोबर की चूक, यावर मी इथे वाद घालत नाही. पुढे उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही तो उचलून धरला. माझा आक्षेप दिवसांना आहे. जानेवारी 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की अपवाद सोडता अशा याचिकांचा निकाल तीन महिन्यांत लागावा, आणि हे काम सभापतींकडेच ठेवावं का याचा संसदेने फेरविचार करावा. मणिपूरचं सभागृहही साठांचं, छोटंच. तरी 2022 च्या आठ आमदारांविरुद्धच्या याचिकेवर निवाडा यायला नोव्हेंबर 2024 उजाडला. दोन वर्षांहून जास्त. ज्याने तक्रार केली त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ ऐकायला अर्धी विधानसभा संपावी लागते. जुनी माणसं अजून 1990 ची आठवण काढतात, जेव्हा सभापती लुईस प्रोतो बार्बोझा स्वतःच पक्षातून बाहेर पडले आणि मुख्यमंत्री झाले. पस्तीस वर्षं होऊन गेली, आणि तक्रार ऐकणाऱ्याची खुर्ची आहे तिथेच आहे.

कामकाजाच्या घाईचंही तसंच. 30 जुलै 2021 हा दिवस मला लख्ख आठवतो. तीन दिवसांचं अधिवेशन, शेवटची संध्याकाळ, एकामागून एक विधेयकं. त्यात भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक. तीस वर्षं गोव्यात राहणाऱ्याला 1 एप्रिल 2019 पूर्वी बांधलेल्या, 250 चौरस मीटरपर्यंतच्या घराची मालकी मिळण्याची तरतूद. कुळाचं घर, कोमुनिदादची (गावकऱ्यांची सामाईक) जमीन, भाटकार-मुंडकार (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), गोव्यातलं सगळ्यात नाजूक दुखणं. विरोधक सभात्याग करून बाहेर, आत विधेयक मंजूर. दुसऱ्या दिवशी पेपर उघडले आणि गावागावांत लोक एकमेकांना विचारू लागले, हे कधी आलं, कोणी वाचलं? काही दिवसांतच मुख्यमंत्र्यांना ‘भूमिपुत्र’ हा शब्द काढतो म्हणून जाहीर करावं लागलं, आणि पुढे ते अमलात आलंच नाही. तेच विधेयक महिनाभर आधी लोकांसमोर ठेवलं असतं, चिकित्सा समितीकडे पाठवून लोकांच्या सूचना मागवल्या असत्या, तर ज्यांना घराचा दाखला खरोखर हवा होता त्यांच्या पदरात निदान काहीतरी पडलं असतं.

आणि सभागृहाच्या आत नियम मोडला तर? घटनेचं 212 वं कलम सांगतं की केवळ कामकाजाच्या पद्धतीत चूक झाली म्हणून न्यायालयात दाद मागता येत नाही. विधिमंडळाची स्वायत्तता मला मान्य आहे, ती हवीच. पण याचा अर्थ असा की सभागृहाने स्वतःवर स्वतःच लक्ष ठेवायचं, आणि बाकीचं लक्ष लोकांनी ठेवायचं. तेव्हा लोकांना दिसलं तर पाहिजे.

काय दिसतं तेही सांगते, कारण चांगल्याला चांगलं म्हटलंच पाहिजे. कामकाज घरबसल्या थेट बघता येतं. आमदारांच्या प्रश्नांना आलेली लेखी उत्तरं, ज्यांना सगळा गोवा ‘एलएक्यू’ म्हणतो, विधानसभेच्या संकेतस्थळावर मिळतात. गोव्यातल्या कितीतरी बातम्या त्या उत्तरांतूनच निघाल्यात. पण समित्यांच्या बैठका बंद दाराआड. खरं काम तिथे होतं, अधिकाऱ्याला समोर बसवून कागद तिथे मागवले जातात, आणि तेच आपल्याला दिसत नाही. 2011 मध्ये मनोहर पर्रीकर विरोधी पक्षनेते आणि लोकलेखा समितीचे अध्यक्ष असताना बेकायदा खाणींवरचा अहवाल तयार झाला, तेव्हा त्यावरच्या समिती सदस्यांच्या सह्यांवरूनच केवढं वादंग झालं होतं. पुढच्या वर्षी बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि खाणी बंद पडल्या. समितीतल्या साक्षी लोकांपुढे झाल्या असत्या, तर सह्यांचा वाद कोणाच्या कामाला आला असता?

आता माझी गोष्ट. आमच्या गावच्या खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध मानशीजवळ फुटला. मानस म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी अडवणारी दारं. ती कुजली की खारं पाणी सरळ शेतात. कोरगुटासारखं खारं पाणी सोसणारं भात सोडलं तर दुसरं तिथे तग धरत नाही. सासऱ्यांनी चिखलात उतरून दाखवलं होतं, लाकूड हाताने चुरडलं तर भुसा होत होता. संबंधित खात्याला अर्ज दिला, आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला. आमदारांनी प्रश्न विचारला. लेखी उत्तर आलं, एका ओळीचं: अंदाजपत्रक तयार करण्याचं काम चालू आहे. दोन अधिवेशनांनंतर पुन्हा विचारलं, तीच ओळ आली. तेव्हा मला सुचलंच नाही की याचिका समितीकडे जावं. वर्गात फळ्यावर समित्यांची नावं लिहिणाऱ्या मला सुचलं नाही, तर चिखलात उभ्या शेतकऱ्याला कुठून सुचणार? आणि ते एका ओळीचं उत्तरही इंग्रजीत. सभागृहात आमदार कोकणीत बोलतात, मराठीत बोलतात, 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराची सोय आहे. पण कागद हातात पडतो तो इंग्रजी. सासऱ्यांना मी वाचून दाखवलं. ज्या घरात वाचून दाखवायला कोणी नाही, तिथे तो कागद देवघराच्या फळीवर तसाच पडून राहतो.

याच्या उलट आमची ग्रामसभा बघा. रविवारी सकाळी पंचायतीच्या हॉलमध्ये भरते. सचिव मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला लागला की शेजारच्या काकी उभ्या राहतात, “थांब रे बाबा, हे असं ठरलंच नव्हतं. मार्चमध्ये दिवे लावतो म्हणून सांगितलं होतं, ते लिही आधी.” आणि लिहावं लागतं. आरडाओरडा होतो, कधी सभा उधळते, पण मागच्या वेळी काय कबूल केलं होतं हे सगळ्यांसमोर वाचावं लागतं. चाळीस जणांच्या सभागृहाला हे अवघड का असावं?

म्हणून मी एक याचिका लिहिली आहे, देवनागरीत, दीड पानी. मागणं एकच आहे: प्रत्येक तक्रारीला, याचिकेला आणि मंत्र्यांच्या प्रत्येक आश्वासनाला एक तारीख द्या आणि ती उघड्यावर मांडा. कधी दिलं, कधीपर्यंत करायचं, झालं की नाही, नाही तर का नाही. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी ही यादी सभागृहात वाचा, आणि मराठी-कोकणीतून संकेतस्थळावर लावा. समितीच्या ज्या बैठकीत लोकांच्या अर्जावर सुनावणी असेल, तिथे अर्जदाराला बसू द्या. यासाठी घटनादुरुस्ती नको, नवं खातं नको. आपले नियम आपण करण्याचा अधिकार घटनेच्या 208 व्या कलमाने सभागृहाला दिलेलाच आहे, आणि नियम समितीही आहे.

येत्या रविवारी ग्रामसभेनंतर पंचायतीच्या हॉलमध्ये सह्या घेणार आहे. दुसऱ्या गावातल्या कोणाला मसुदा हवा असेल तर सांगा, पाठवते. त्यात आपल्या बांधाची, आपल्या रस्त्याची, आपल्या मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनाची तारीख घालायला जागा सोडली आहे. आमच्या प्रतीत पहिली नोंद गटाराची आहे. त्या मुलीने बसमध्ये बसल्याबसल्या दिवस आणि वेळ वहीत टिपून ठेवली होती, तिथूनच उतरवून घेतली.