मान ठाण्याचा आणि इंजिन डार्लिंग्टनचे

यंदाही १६ एप्रिल उजाडला आणि ठाण्यातल्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर देशातली पहिली रेल्वे कोणती, हा जुनाच वाद पेटला. एकाने १८५३ च्या बोरीबंदर–ठाणे गाडीचे गोडवे गायले. दुसऱ्याने लगेच सुनावले की, देशात वाफेचे इंजिन त्याआधीच, १८५१ मध्ये रुडकीला, गंगा कालव्याच्या सोलानी जलसेतूसाठी माती ओढत होते. दुपारपर्यंत एकमेकांच्या आजोबांचा उद्धार करून झाला होता.

मी इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनला राहतो. इथल्या रुळांवरून २७ सप्टेंबर १८२५ रोजी ‘लोकोमोशन’ इंजिन धावले, आणि गावाने द्विशताब्दीही साजरी केली. परंतु १८०४ मध्येच वेल्समध्ये ट्रेव्हिथिक या अभियंत्याच्या इंजिनाने दहा टन लोखंड ओढले होते, म्हणून कोणी कोणाच्या अंगावर धावून गेल्याचे मी पाहिले नाही. ट्रेव्हिथिकच्या इंजिनाच्या वजनाने बिडाचे रूळच मोडत. ‘लोकोमोशन’ची चाके साखळीऐवजी दांड्यांनी जोडलेली होती. १८२९ च्या ‘रॉकेट’ इंजिनाच्या बॉयलरमध्ये तांब्याच्या पंचवीस नळ्या घातल्यामुळे पाणी अधिक झपाट्याने तापू लागले, आणि पुढची इंजिने त्याच वळणावर घडली. मग यांतले पहिले कोणते, हे कशावरून ठरवायचे?

हे सारे गटावर लिहून मी वर खोचकपणे विचारले की, ठाण्याची गाडी ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिने आज कुठल्या संग्रहालयात पाहायला मिळतात. आम्ही निदान आमचे जपले. ‘आम्ही’ हा शब्द सोबत्यांच्या नजरेतून सुटला नाही. एकाने उलट विचारले, “तुमच्या त्या इंजिनात मूळचे किती उरले आहे?” प्रश्न रास्त होता. १८२८ मध्ये त्याचा बॉयलर फुटून चालक मरण पावला, आणि त्यानंतर इंजिनाची पुष्कळच डागडुजी झाली. शिवाय ते डार्लिंग्टनचे की राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचे यावरून इथेही चांगलीच जुंपली होती, २०२१ मध्ये ते जवळच्या शिल्डनला, त्या संग्रहालयाच्या शाखेत गेले, आणि तेव्हा मीच ऑफिसात गावाच्या बाजूने तावातावाने बोललो होतो. गटावर मी हे लिहिले नाही.

त्याच संध्याकाळी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना शेजारी हसत म्हणाला, “रेल्वे तर आम्हीच तुम्हाला दिली.” माझ्यातला ठाणेकर ताडकन उभा राहिला. रेल्वेसाठी खटपट करणारे नाना शंकरशेट, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, सारे मी एका दमात सांगितले. रुडकीचे नाव मात्र काढले नाही.

त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “हे ठाणे नेमके कुठे आले?”

“मुंबईजवळ,” मी म्हणालो. गटावर कोणी असे म्हटले असते, तर मीच त्याला सोलून काढले असते.